मासा, सासूबाई आणि कॅमेरा

मखमलाबाद, नाशिक
१० सप्टेंबर २०२५

ती. भिमामामा यांस,
छायाचा सा. न. वि. वि.

तुमचा कान फोनला दाद देत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपला तुम्ही हात लावत नाही, तेव्हा पुन्हा पेन शोधणं आलं. इकडे सगळे ठीक आहेत. झेंडू यंदा बरा आहे, दसऱ्याला हाती लागेल असं शेखर म्हणतात. मुलांच्या चाचण्या चालू आहेत. वत्सलामामींच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा. नुसतं बरा आहे असं लिहू नका, मागच्या वेळीही तुम्ही तेच लिहिलं होतं आणि त्या काठी घेऊन चालत होत्या.

आता कामाचं. मला कॅमेरा घ्यायचाय आणि कोणता घ्यायचा ते तुम्ही सांगायचंय. देवळ्याच्या बाजारपेठेत इतकी वर्षं स्टुडिओ चालवलात, निम्म्या तालुक्याची लग्नं तुमच्या हातून गेली. भाचीला एवढा सल्ला तरी फुकट मिळायला हवा.

कारण सांगते. पडवीतल्या माझ्या टाक्या तुम्ही पाहिल्याच आहेत. फायटर माशांची मी जी जोडी लावली होती, तिच्या पिल्लांत एक नर असा निघालाय की पाहत राहावं. अंग घासलेल्या तांब्याच्या रंगाचं आणि शेपटीला कडेकडेने पांढरी किनार. नाशिकमध्ये असा मी तरी कोणाकडे पाहिला नाही. नोव्हेंबरात शहरात शोभिवंत माशांचं प्रदर्शन आहे. तिथे आधी फोटो पाठवावा लागतो, तो पसंत पडला तरच मासा घेऊन या म्हणतात. मागच्या वर्षी मी मोबाइलवर काढून पाठवला, तर त्यात मासा कमी आणि काचेत माझा गाऊन जास्त दिसत होता. नापसंत झाला, आणि ते बरोबरच होतं.

यंदा मात्र नापसंत होऊन चालणार नाही. सासूबाईंनी ठरवलंय की दिवाळीनंतर पडवीत हार ओवायला बायका बसवायच्या आणि टाक्या मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवायच्या. मामा, पत्र्याखाली माझे मासे एक उन्हाळासुद्धा काढणार नाहीत. तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या की तुझ्या मासोळ्यांना तुझ्याशिवाय ओळखतं कोण? चार जाणत्या माणसांनी चांगलं म्हटलं तर पडवीचं बघू. त्या एकदा बोलल्या की बोलल्या, पण दिलेला शब्दही फिरवत नाहीत. आणि खरं सांगू का? या घरात मला कोणी काही कमी करत नाही, पण माझं म्हणावं असं इथे त्या टाक्याच आहेत.

भिशी यंदा मला लागली आहे. त्यात बसेल तेवढाच कॅमेरा. त्यावर सासूबाईंची अट अशी की नुसते मासे काढत बसायचं नाही, घरातल्या माणसांचेही फोटो निघाले पाहिजेत. पितृपक्षात काही घ्यायचं नाही, त्यामुळे घट बसेपर्यंत तुम्हाला विचार करायला सवड आहे.

मामींना नमस्कार. भाचीवरचा जीव आहे तसाच राहू द्या आणि उत्तर लवकर टाका.

तुमची
छाया


देवळा
१५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. छायास,
मामाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. मामीचा गुडघा बरा आहे. हे ती शेजारी बसून लिहायला लावते आहे, तेव्हा काय समजायचं ते समज. पाकीट पाहून तिने आपल्या अहिराणीत विचारलं, पोरीचं आता नवं काय शे. कॅमेऱ्याचं सांगितलं तर म्हणाली, मासे काय लग्नाला निघालेत की काय. तिचं सोड.

तू ऐक. दुकानात शिरल्या शिरल्या जो माणूस झूम आणि मेगापिक्सेलचं कीर्तन लावेल, त्याला नमस्कार करून बाहेर पड. तुझा मासा टाकीत आहे, गंगापूर धरणात नाही. त्याला लांबून ओढायचं कशाला? नवा कॅमेरा घेऊच नकोस. तुझ्या भिशीत नवा म्हणजे खेळणंच येईल. लग्नाचे फोटो काढणारी पोरं सारखी कॅमेरे बदलत असतात, त्यांच्यापैकी कोणाचा तरी जुना, लेन्स बदलता येणारा असा घे. सोबत जी साधी झूम लेन्स येते ती त्यालाच लखलाभ. तू पन्नास एमएमची, झूम न होणारी फिक्स लेन्स घे. माझा सगळा धंदा त्या एका लेन्सवर झाला. ती कमी उजेडातही काम करते आणि माणसाचा चेहरा जसा आहे तसा दाखवते.

फ्लॅशचं नाव काढू नकोस. काचेवर फ्लॅश मारलास की काच तो तुझ्याच तोंडावर परत मारते. उजेड टाकीच्या वरून सोड, खोलीतले बाकीचे दिवे बंद कर, अंगात गडद कपडे घाल आणि कॅमेरा काचेच्या अगदी समोर धर, तिरका नको. तो गाऊन तर मुळीच नको.

आणि शेवटचं म्हणजे, घेण्याआधी त्या कॅमेऱ्याला मासा दाखव आणि माणसंही दाखव. मी गिऱ्हाईक समोर बसवल्याशिवाय कधी लेन्स विकत घेतली नाही. कॅमेरा कागदावर सगळेच चांगले असतात.

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. बाई करड्या आहेत, पण मला आवडतात. सुखी राहा आणि मामाचं ऐकत जा.

तुझा
भिमामामा


मखमलाबाद
२६ सप्टेंबर २०२५

ती. भिमामामा यांस,
सा. न. वि. वि.

कॅमेरा आला! पण आधी कसा आला ते वाचा.

इथल्या द्वारका चौकाजवळ वाळू नावाचा एकजण राहतो, लग्नाचे फोटो काढतो. त्याचा जुना कॅमेरा विकायचाय असं भिशीतल्या एकीने सांगितलं. तुम्ही म्हणालात मासा दाखव, म्हणून मी मासा बरणीत घेतला. तुम्ही म्हणालात माणसं दाखव, म्हणून सासूबाईंना घेतलं. शेखरनी दोघांकडे पाहिलं आणि मला टेंपोचं काम आहे म्हणून निघून गेले. मग काय, आम्ही दोघी आणि मासा रिक्षात.

द्वारकेला ट्रॅफिक नेहमीसारखं. पुढे ट्रक, मागे बस, सगळीकडून हॉर्न. बरणी सासूबाईंच्या मांडीवर होती. पहिल्यांदा त्यांनी ती अंगापासून लांब धरली होती, जणू उकळता चहा आहे. मग पाणी हिंदकळायला लागलं तसं दोन्ही हातांनी कवटाळली, वरून पदर घातला आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या की सावकाश घे, पोटाशी जीव आहे. त्याने आरशातून मागे पाहिलं आणि पुढे रिक्षा खरंच सावकाश चालवली. मी बाहेर तोंड करून हसत होते.

आता रागावू नका. पन्नासची लेन्स मी लावून पाहिली. वाळूकडे दोन्ही होत्या. ती माशाच्या फार जवळ जाऊ देत नाही. मागे सरकलं की मासा बारीक. आणि माणसांचं म्हणाल तर सासूबाई, वाळूची आई आणि बहीण एवढ्या तिघी मावण्यासाठी मला जिन्यात जाऊन उभं राहावं लागलं. आमच्या घरातल्या सगळ्यांना घ्यायचं तर पडवी ओलांडून झेंडूत उतरावं लागेल. उलट तुम्ही ज्या साध्या लेन्सला नाक मुरडलंत, ती माशाच्या बरीच जवळ जाते आणि मागे फिरवली की सगळं घर मावतं. उजेड कमी पडतो हे खरं. पण टाकीवर उजेड हवा तेवढा वाढवता येतो, पडवीची भिंत मागे सरकवता येत नाही. मी तीच घेतली.

भाव सासूबाईंनी केला. मार्केटमध्ये व्यापाऱ्याशी करतात तसाच. वाळू शेवटी म्हणाला, मावशी, बॅग आणि चार्जर तसेच न्या, पण आता बसा आणि चहा घ्या. परत येताना बरणीत पाहत त्या म्हणाल्या की किनार अ‍ॅस्टरच्या पाकळीसारखी आहे. आजवर त्यांनी माझ्या माशांना फुलाचं नाव दिलं नव्हतं.

मामींच्या गुडघ्याचं तुमचं उत्तर आम्हाला समजलं. लेन्सबद्दल चिडून का होईना, पत्र लिहा. राग असला तरी लोभ आटू देऊ नका.

तुमची
छाया


मखमलाबाद
६ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं रागाचं कार्ड मिळालं. तुमचंच बरोबर होतं, असं लिहायची वेळ आज आली आहे.

दसऱ्याच्या गर्दीत आम्ही सगळे फुलांतच होतो. मी आणि शेखर मार्केटला, मुलं तोरणं विकायला. खंडेनवमीची पूजा घरी सासूबाईंनीच केली. खुरपी, फवारणीचा पंप, तराजू, आणि यंदा त्यांच्याशेजारी पाटावर कॅमेरा. दसरा झाल्यावर मी निवांत फोटो काढायला बसले. तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलं. वरून उजेड, बाकी अंधार, काळा ड्रेस. आणि फोटो सोबत पाठवते आहे ते पाहा. मासा आहे, पण त्याच्यावर पिवळट धूर बसल्यासारखा. पांढरी किनार दिसतच नाही, आणि तिच्यासाठी तर हे सगळं चाललंय.

पाणी बदललं. काच आतून-बाहेरून घासली. ट्यूब बदलली. काही फरक नाही. बहुतेक लेन्सच खराब आहे, वाळूने फसवलं. उद्या-परवा त्याच्याकडे भांडायला जाणार आहे. दिवाळीआधी फोटो पोचला पाहिजे. बाकीचेही थोडे फोटो ठेवलेत, मुलांचा आणि टेंपोचा, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

मामा, मला रडू येतंय. सासूबाई पडवीत येतात, टाकीकडे बघतात आणि काही न बोलता आत जातात. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पाकीट स्पीड पोस्टाने टाकते आहे. तुम्हीही तसंच टाका.

तुमच्या आधारावर असलेली
छाया


देवळा
९ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. छायास,
अ. उ. आ.

वाळूकडे जाऊ नकोस. गेली असशील तर परत जा आणि त्याची माफी माग.

फोटो खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली पाहिले. तू माशाचे फोटो पाहत बसलीस, म्हणून तुला कळलं नाही. मुलांचा फोटो बघ, टेंपोचा बघ. सगळ्यांवर तेच पिवळट धुकं, आणि एका बाजूला जरा जास्त. पाणी खराब असतं तर टेंपो कशाला धुकट आला असता? टेंपो काय टाकीत होता? दोष टाकीतही नाही आणि लेन्सच्या पोटातही नाही. लेन्सच्या तोंडावर काहीतरी फासलं गेलंय. आणि रंग पाहून मला तर हसूच आलं. ती हळद आहे बाई.

आमच्या स्टुडिओत खंडेनवमीला तुझी मामी हळदीकुंकवाची वाटी घेऊन जिन्यावर दिसली की मी सगळ्या लेन्सना टोप्या घालून दारात उभा राहायचो. तरी एकदा तिने गाठलंच. त्यानंतरच्या लग्नातली नवरी सगळ्या फोटोंत हळदीच्या दिवसासारखी पिवळी आली, आणि वऱ्हाडी खूश झाले.

काच तिरकी करून उजेडात धर, तेलकट पापुद्रा दिसेल. आधी फुंकणीने धूळ उडव. मग चष्म्याच्या दुकानातून काच पुसायचं पाणी आण, मऊ धुतलेल्या सुती कपड्यावर घे आणि मधून कडेकडे हलक्या हाताने पूस. पदराने पुसायचं नाही. मला वाटतं एकदा पुसून झालंय, म्हणूनच ते एवढं पसरलं. सासूबाईंना रागावू नकोस.

आता रडणं बंद कर आणि मासा काढ. मामाचा आशीर्वाद पाठीशी आहे, लेन्स कोणतीही असो.

तुझा
भिमामामा


मखमलाबाद
१५ ऑक्टोबर २०२५

ती. भिमामामा यांस,
साष्टांग म्हणजे खरोखरचा साष्टांग नमस्कार!

हळदच होती.

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचायला लागले, कारण टेंपोचं वाचून हसू आवरेना. हळदीपाशी आले तशा सासूबाई भाकरी थापायच्या थांबल्या. खाली मान घालून म्हणाल्या की झाकल्या तोंडाला कुंकू कसं लावायचं, म्हणून टोपी त्यांनीच काढली. बोट काचेला लागलं, तेव्हा घाबरून पदराने पुसलं आणि टोपी परत बसवली. धूर दिसायला लागल्यापासून त्यांना शंका येत होती, पण सांगायचं कसं. मी विचारलं की बाकी सगळ्या वस्तूंना एकेक बोट आणि कॅमेऱ्यालाच एवढी हळद कशाला? तर म्हणाल्या, तुझ्या माशाचं काम व्हावं म्हणून दोनदा लावली.

मामा, मला वाटायचं त्या पडवीची वाट बघत आहेत. त्या तर माझ्या माशासाठी देवाला सांगत होत्या. मी त्यांच्या गळ्यात पडले, त्यांच्या हाताचं पीठ माझ्या केसांना लागलं, आणि भाकरी करपली.

लेन्स तुम्ही सांगितलं तशी पुसली. दुपारी पडवीचे पडदे ओढले. सासूबाई हट्टाने माझ्याबरोबर बसल्या. मी माशामागे पांढरा कागद लावला होता. तो त्यांनी काढायला लावला. पांढरी शेवंती आम्ही कधी पांढऱ्या कापडावर मांडतो का, असं म्हणून आतून काळं घोंगडं आणून टाकीमागे टांगलं. मग प्रश्न पिसाऱ्याचा. फायटर दुसरा नर दिसला तरच अंग फुलवतो, आणि आरशात तो स्वतःलाच दुसरा समजतो. सासूबाईंनी कुंकू लावायचा आपला आरसा आणला आणि टाकीच्या बाजूने धरला. मासा वळला, गाल फुगवले, शेपूट सगळी पसरली आणि ती किनार अशी उजळली की त्या आरसा धरायचं विसरून बघत राहिल्या. आरसा खाली आला त्याच क्षणी मी बटण दाबलं. फोटोत आरसा नाही, हात नाही, नुसता मासा, आणि काळोखात ती पांढरी रेघ. प्रत सोबत ठेवली आहे.

अर्ज गेला. पसंत पडला तर बोलावतील. पण आज मी जिंकल्यासारखीच वागते आहे, शेखर म्हणतात जरा जमिनीवर ये. आता दिवाळीला घरातल्या सगळ्यांचा फोटो काढायचाय. मामींना फराळाला यायचं आमंत्रण द्या, गुडघ्यासह. माया अशीच असू द्या.

तुमची
छाया


देवळा
२५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. छायास,
दिवाळीचे अ. उ. आ.

फोटो काचेखाली लावलाय. येईल त्याला दाखवतो आणि भाचीने काढला म्हणून सांगतो. साध्या लेन्सने काढला हे सांगत नाही, माझी अब्रू जाईल. पण तुला लिहितो. पन्नासने हा निघाला नसता. तू बरोबर होतीस. हे पत्र जपून ठेव, असं मी पुन्हा लिहिणार नाही.

मासा पसंत झाल्याचं शेखररावांनी आमच्या शेजाऱ्यांना फोन करून कळवलं. तुझी मामी तेव्हा काठी न घेता दोन घरं फिरून सांगून आली आणि आता गुडघा धरून बसली आहे. प्रवास तिला झेपणार नाही, म्हणून दिवाळीला येता आलं नाही. प्रदर्शनाचं काय ते सविस्तर कळव. आम्ही दोघं वाट पाहतो आहोत, आमच्या आनंदाला तुम्हीच आहात.

तुझा
भिमामामा


मखमलाबाद
१९ नोव्हेंबर २०२५

भिमाजीभाऊ यांना,
सरुबाईचा रामराम.

ह्ये पत्र छायाचं नाय, तिच्या सासूचं, माझं हाय. चौथी शिकलेली बाई, बोलते तशी लिहिते. हसायचं आसंल तर वत्सलावहिनींच्या संगं हसा. छायाला म्हणलं, ह्या खेपंला देवळ्याला मी कळवणार, तू टाक्या बघ.

पयला नंबर आला. नुसता फायटरमदी नाय, सगळ्या प्रदर्शनात. तिनं काढलेला फोटो मोठा करून दारावरच लावलेला. रिक्षातून उतरले आन् बघते तर आपला मासा माझ्यापेक्षा मोठा. लोकं त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढत व्हते. मी टाकीशेजारी खुर्ची टाकून बसले ती उठलेच नाय. कोणी इचारलं मासा कुठून आणला, तर म्हणायची आणला नाय, आमच्या सूनबाईनं पडवीत घडवला. छाया लाजून लांब जाऊन उभी. जाणती माणसं तिला हुडकत आली, कसं केलं ते इचारत व्हती, आन् ती सांगत व्हती. मी तिला आसं बोलताना कधी बघितलं नव्हतं. एक जण मुंबईचा, मासा द्या म्हणून मागंच लागला. त्याला म्हणलं, बाबा, आमी फुलं विकतो, घरातलं माणूस विकत नाय.

शब्द दिला व्हता तो पाळला. हार ओवायच्या बायका शेडमदी बसत्यात. पत्र्यावर पाचट टाकलं, पंखा लावला, त्यांना तिथं बरंच वाटतंय. पडवी टाक्यांची. आणखी एक टाकी बसंल एवढी जागा मी झाडून ठेवली.

आता माझं काम सांगते. दिवाळीला छायानं घरातल्या सगळ्यांचा फोटो काढला. लय भारी आला. शेखरनं फ्रेम करून आणली, समोरच्या भिंतीला लावली. परवा शेजारच्या लताबाई आल्या, बघितला, चांगला हाय म्हणल्या. मग म्हणल्या, ह्याच्यात छाया कुठं हाय? मी फोटोपुढं जाऊन उभी राहिले. आमचं मालक, छायाचं सासरं, हायेत, शेखर हाय, पोरं हायेत, मधल्या खुर्चीत मी बसले. जिनं काढला ती नाय. इतकं दिवस येता-जाता बघतेय आन् माझ्या ध्यानात आलं नाय, भाऊ. त्याच दिशी फ्रेम मीच उतरवली.

म्हणून तुमी या. वहिनींना घेऊन या, शेखर टेंपो घेऊन देवळ्याला येईल, गाडीत गादी टाकून देते, गुडघ्याला धक्का लागणार नाय. कॅमेरा तोच. लेन्स कोणची लावायची ते तुमी दोघं मामा-भाची भांडून ठरवा. हळदीची वाटी मी आत ठेवीन. फोटो पडवीत काढायचा, टाक्यांच्या म्होरं.

या घरात लग्न झाल्यापासून मधल्या खुर्चीत आधी माझी सासू बसायची, मग मी बसत आले. ह्या फोटोत तिथं छाया बसंल. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून मागं उभी राहीन.

आपली,
सरुबाई